बॅडलँड्समध्ये तंबू : सीडर पास की सेज क्रीक?

मुक्कामपोस्ट
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिनियापोलिसहून बॅडलँड्स नॅशनल पार्कला (साउथ डकोटा) जायचं ठरतंय. मुक्काम तीन रात्री. आम्ही दोघं, ९ आणि ६ वर्षांची मुलं आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, पण तंबूत राहायची हौस सगळ्यात जास्त तिलाच आहे. पार्कात दोन कॅम्पग्राउंड दिसतात, सीडर पास आणि सेज क्रीक. सेज क्रीक फुकट आहे आणि फोटोंत फार सुंदर दिसतं. सीडर पास हंगामी आहे आणि त्याला पैसे पडतात. सहा जणांना यातलं काय झेपेल? तंबू, स्वयंपाक, हवामान, सगळ्याबद्दल लिहा. जेवण शाकाहारी.

कातळखूण
आधी दोन्ही जागा नीट समजून घ्या, कारण नावापुढे 'कॅम्पग्राउंड' लिहिलेलं सोडलं तर त्यांच्यात साम्य फार थोडं आहे.

सीडर पास बेन रायफल व्हिजिटर सेंटरला लागून आहे. ९६ जागा. फ्लशचे संडास, पिण्याचं पाणी, शॉवर (त्याचे वेगळे पैसे) आणि काही जागांना वीज. प्रत्येक जागेवर टेबल आणि त्यावर छोटं छप्पर. साधारण एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत चालू असतं. आरक्षण तिथल्या लॉजच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर होतं. सरकारी रिक्रिएशन डॉट गव्हवर हे सापडत नाही, म्हणून अनेकांचा समज होतो की इथे आरक्षणच नसतं.

सेज क्रीक पार्कच्या पश्चिम टोकाला, कच्च्या रस्त्यावर. २२ जागा, आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा. खड्ड्यांचे संडास, छप्पर असलेली टेबलं आणि बाकी माळ. पाणी अजिबात नाही. १८ फुटांपेक्षा लांब आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) तिथे नेता येत नाही.

आता पाण्याचा हिशोब करा. प्यायला माणशी रोज ४ लिटर धरायचेच. सहा जणांचे २४. स्वयंपाक, भांडी आणि हात धुणं यांना कमीत कमी १० ते १२. म्हणजे दिवसाला ३५ लिटर, तीन दिवसांचे शंभराच्या वर. नुसत्या पाण्याचं वजन १०० किलो, तेही सहा माणसं आणि सामान भरलेल्या गाडीत. तिथल्या ओढ्याच्या पाण्यात इतकी बारीक चिकणमाती असते की फिल्टर लगेच तुंबतो, तेव्हा त्या पाण्याचा भरवसा धरू नका.

तुमच्यासाठी सीडर पास. आजच आरक्षण बघा.

रानहळद
+१ सीडर पास. जून हा तिथला सगळ्यात पावसाळी महिना, हे डोक्यात ठेवून सामान भरा. दिवसा २७-२८ अंश सेल्सियस, रात्री १२-१३. आई-बाबांना रात्री स्वेटर आणि कानटोपी लागणारच.

पश्चिमवारा
पाऊस आणि ऊन याबद्दल सगळे बोलतात. बॅडलँड्समध्ये तंबू मोडतो तो वाऱ्याने. सीडर पासला सांगण्यासारखी झाडं नाहीत, आडोसा नाही. गवताळ माळावरून येणारा वारा थेट अंगावर.

सहा जणांचा उभ्या भिंतींचा, माणूस ताठ उभा राहील असा केबिन तंबू घेऊ नका. त्या भिंती शिडासारख्या वारा धरतात आणि खांब कोपरातून वाकतात. त्याऐवजी बुटके घुमटाकार दोन तंबू घ्या, एक चार जणांचा, एक तीन जणांचा. फ्लाय, म्हणजे तंबूवरचं पावसाचं आवरण, जमिनीपर्यंत येणारा हवा.

तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक ॲल्युमिनियमच्या मेखा घरीच ठेवा. तिथली माती कोरडी असताना भाजलेल्या विटेसारखी कडक असते, मेख आत जाण्याआधी वाकते. १० ते १२ इंची पोलादी मेखा आणि दोन-अडीच पौंडी हातोडा न्या. दोन तंबूंना २४ मेखा लागतात असं धरा, वर चार जास्त. मेख तंबूच्या उलट दिशेला थोडी कलती ठोकायची आणि डोकं जमिनीलगत आणायचं, नाहीतर अंधारात मुलं अडखळतात.

ताणदोऱ्या शोभेच्या नाहीत. फ्लायला जितके लूप असतील तितक्या सगळ्या बांधा, जमिनीशी साधारण ४५ अंशात. नायलॉन ओला झाला की सैल पडतो, त्यामुळे पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि झोपण्याआधी एकदा दोऱ्या ताणून घ्यायच्या. माती भिजली की कोरड्यात घट्ट बसलेली मेखही ढिली होते, तीही तेव्हाच तपासा.

तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार आडोशाला. वादळाआधी वारा बहुधा दक्षिणेकडचा असतो आणि वादळाची आघाडी पुढे सरकली की वायव्येकडून जोरात येतो. म्हणून एकच बाजू घट्ट करून भागत नाही.

शेवटची गोष्ट, जी फार कमी लोक करतात. दिवसभर फिरायला जाताना खांब काढून तंबू आडवा पाडून जा. वर पाण्याचे कॅन ठेवा. परत आल्यावर दहा मिनिटांत उभा होतो. रिकामा उभा तंबू दुपारच्या वावटळीत उडून शेजारच्याच्या गाडीवर आदळू शकतो.

मुक्कामपोस्ट
पश्चिमवारा, फार उपयोगी. ऊन-पावसासाठी टेबलाच्या छपराला मोठी ताडपत्री बांधली तर?

पश्चिमवारा
बांधू नका. दहा बाय बारा फुटांची ताडपत्री त्या वाऱ्यात शंभर किलोच्या आसपास ओढ सहज देऊ शकते. छप्पर पार्कचं आहे, त्यावर तो ताण नको. सावलीसाठी छपराची जागा फिरत्या उन्हाप्रमाणे वापरा आणि ११ ते ४ व्हिजिटर सेंटर, गाडी किंवा वॉल गाव.

ग्राउंडशीट मात्र हवी. ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच लहान दुमडा. बाहेर डोकावली की पावसाचं पाणी तिच्यावर जमून थेट तुमच्या पाठीखाली येतं.

नाचणी
स्वयंपाकाचं मी लिहिते.

दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी घ्या, वाऱ्याला तिन्ही बाजूंनी पत्रा असलेली. एका पौंडाच्या हिरव्या सिलिंडरमध्ये साधारण २१,५०० बीटीयू (उष्णतेचं एकक) असतात. १०,००० बीटीयूचे दोन्ही बर्नर पूर्ण पेटवले तर तासाभरात संपतो. सहा जणांच्या दोन वेळच्या जेवणाला आणि तीन वेळच्या चहाला दिवसाला एक सिलिंडर पुरतो, पण वाऱ्यात आच वाया जाते, म्हणून तीन दिवसांना पाच न्या.

पाच लिटरचा कुकर न्या. खिचडीला अडीच वाट्या तांदूळ, सव्वा वाटी मूगडाळ आणि नऊ वाट्या पाणी (वाटी १५० मिलीची). डाळ-तांदूळ मोजून, हळद, हिंग, मीठ आणि गोडा मसाला घालून घरीच पिशवीत भरा. तिथे फोडणी करून पिशवी ओतायची. मंद आचेवर तीन शिट्ट्या. दुसऱ्या दिवशी पिठलं, कारण त्याला पाणी आणि वेळ दोन्ही कमी लागतं. पोळ्या घरून करून पहिल्या दीड दिवसाच्या न्या, पुढे टॉर्टिया. थालीपिठाची भाजणी घेतली तर नाश्त्याचा प्रश्न मिटतो. दही, ताक आणि कांदा-टोमॅटो वॉलच्या दुकानात मिळतात. भारतीय वाणसामान त्या भागात मिळेल असं धरू नका.

कुकरची शिट्टी रात्री दहानंतर नको. शेजारच्या तंबूतले लोक वादळाचा इशारा समजून बाहेर येतील :)

भांडी धुतलेलं पाणी गवतात ओतायचं नाही. उष्टं गाळून कचऱ्यात टाकायचं आणि पाणी त्यासाठी दिलेल्या ठिकाणी न्यायचं. मिठाच्या आणि अन्नाच्या वासाने प्राणी जागेवर येतात आणि त्रास पुढच्या माणसाला होतो.

झिपरी
शेकोटीवर भाजलेली कणसं आणि मार्शमेलो? मुलांना तेच हवं असतं.

कातळखूण
झिपरी, बॅडलँड्समध्ये लाकडाची शेकोटी वर्षभर आणि पार्कभर बंद आहे. वाळलेलं गवत आणि वारा एकत्र आले की वणवा माणसाच्या धावण्याहून वेगाने पसरतो. हा नियम कुणाच्या सोयीसाठी सैल होऊ नये असं मला मनापासून वाटतं. कॅम्पग्राउंडमध्ये गॅसची शेगडी चालते, आणि कोळशाची बंदिस्त ग्रिलही. कणसं त्यावर भाजा. निखारे पाण्यात बुडवून, राख ढवळून, हाताला थंड लागेपर्यंत थांबा. वारा असेल तर कोळसा पेटवूच नका.

आणि नाचणीताईंच्या यादीत एक जोडतो. पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत किंवा तंबूच्या ओसरीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कॅनिस्टरवर बसणारी छोटी शेगडी असेल तर तिच्याभोवती पूर्ण गोल पत्राही लावू नका, उष्णता कोंडून कॅनिस्टर तापतो.

चांदणवेल
सगळ्यांनी मिळून सेज क्रीक मोडीत काढलेलं बघून राहवत नाही.

सीडर पासला जागा एकमेकींना खेटून आहेत. शेजारच्याचा दिवा तुमच्या तंबूत येतो, ट्रेलर येत-जात राहतात. सेज क्रीकला गवताचा खोलगट वाडगा, भोवती टेकड्या आणि बऱ्याचदा चरणारे बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवे. बॅडलँड्सचा हा भाग कंगोऱ्यांचा नाही, माळाचा आहे, आणि पार्कचा निम्मा अर्थ त्या माळात आहे. नामशेष मानलेलं काळ्या पायांचं फेरेट (मुंगसासारखा प्राणी) १९९४ पासून या भागात परत सोडलं. बायसन १९६३ साली आणले, आता कळप हजाराच्या वर आहे. रात्री आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दिसते. पाणी जड असतं हे मान्य, पण ते सीडर पासला भरून घेता येतं. एक रात्र तरी तिकडे काढा.

पश्चिमवारा
चांदणवेल, जागेबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. रस्त्याबद्दल नाही.

सेज क्रीक रिम रोड पिनॅकल्स प्रवेशद्वाराजवळून सुटतो आणि कॅम्पग्राउंडपर्यंत बाराएक मैल कच्चा आहे. कोरडा असताना साधी सेडानसुद्धा जाते. भिजला की वेगळाच प्राणी. त्या मातीत बेंटोनाइट आहे, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग फोर व्हील ड्राइव्ह असो वा नसो, गाडी साबणावर ठेवल्यासारखी घसरते. उपाय एकच, थांबणं. ऊन आणि वारा मिळाला तर काही तासांत वरचा थर वाळतो. जूनमध्ये संध्याकाळी वादळ होऊन सकाळी अडकायची शक्यता खरी आहे. तिथे फोनला रेंज मिळेल असं धरू नका. औषधं चालू असलेले आई-बाबा सोबत असतील तर हा धोका विनाकारण आहे.

दिवसा जा. सकाळी कोरड्या रस्त्याने रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउन (बिळांत राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांची वसाहत) बघा, सेज क्रीकपर्यंत जा, टेबलावर डबा खा, दुपारी ढग जमायच्या आत परत.

चांदणवेल
दिवसा जाण्याचा तोडगा पटला. पण ज्यांच्यासोबत लहान मुलं किंवा वडीलधारी नाहीत, हवामान तीन दिवस कोरडं दिसतंय आणि गाडीत ६० लिटर पाणी मावतं, त्यांनी सेज क्रीकच निवडावं, हे माझं मत कायम. शनिवारी दुपारी जाऊन जागा मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका. गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी दहा-अकराला पोचा, लोक निघतात ती वेळ.

आणि वॉल गावाजवळ बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँडच्या कड्यावर फुकट राहता येतं, तेही काही जण सुचवतील. ती जमीन फॉरेस्ट सर्व्हिसची आहे. दृश्य अफाट, पण कड्याच्या तोंडावर तंबू म्हणजे पश्चिमवारा यांनी वर लिहिलेलं सगळं दुप्पट. संडासही नाही.

शिलालेख
अवांतर, पण मुलं विचारतीलच म्हणून.

डोंगरांवरचे पट्टे खालून वर वाचायचे. तळाशी काळसर पिएर शेल, ७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा गाळ. त्यावर यलो माउंड्सचा पिवळा, म्हणजे समुद्र हटल्यावर त्या गाळाची झालेली जुनी माती. मग राखाडी चॅड्रन आणि फिकट-लालसर पट्ट्यांचं ब्रुल, साधारण ३.७ ते ३ कोटी वर्षांपूर्वीचं. त्याच्या वर रॉकीफर्ड राखेचा पांढरट थर. झीज सुरू होऊन पाचएक लाख वर्षंच झाली आणि वर्षाला साधारण एक इंच या वेगाने ती चालू आहे. त्यामुळे नवे जीवाश्म सतत उघडे पडतात.

२०१० मध्ये व्हिजिटर सेंटरजवळ एका सात वर्षांच्या मुलीला कट्यारदाती मांजरासारख्या प्राण्याची कवटी दिसली आणि तिने ती न हलवता रेंजरना कळवली. मुलांना हे आधी सांगा. काही दिसलं तर हात लावायचा नाही, फोटो काढायचा, जागा लक्षात ठेवायची, व्हिजिटर सेंटरला फॉर्म भरायचा. ज्युनियर रेंजरची पुस्तिकाही तिथेच मिळते. उन्हाळ्यात सीडर पासच्या ॲम्फिथिएटरमध्ये संध्याकाळी रेंजरचे कार्यक्रम असतात, तंबूपासून चालत जाता येतं. हेही सीडर पासच्या बाजूने एक कारण.

मोकळीक
झाडं हवी असतील तर बॅडलँड्सचा हट्ट कशाला? नॉर्थ डकोटात थिओडोर रूझवेल्ट नॅशनल पार्क आहे. दोन्हींना १९७८ सालच्या एकाच कायद्याने नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. तिथलं कॉटनवुड कॅम्पग्राउंड लिटिल मिसुरी नदीकाठी, मोठ्या कॉटनवुड झाडांखाली आहे. सावली आहे, जाळीच्या चौकटीत शेकोटीही चालते (बंदी जाहीर नसेल तेव्हा). शॉवर नाहीत, वीज नाही. नळाचं पाणी आणि फ्लशचे संडास फक्त हंगामात. मिनियापोलिसहून आय-९४ सरळ मेडोरापर्यंत.

कातळखूण
मोकळीक, सूचना चांगली आहे, एक सावधगिरी जोडतो. कॉटनवुडच्या जुन्या फांद्या वाऱ्यात अचानक तुटतात. तंबू वाळक्या फांदीखाली लावू नये, सावली कितीही मोहाची असली तरी. आणि बायसन त्या कॅम्पग्राउंडमधून निवांत चालत जातात.

प्रेअरीकर
कॅनडातून नमस्कार. आमच्याकडे सस्कॅचवानमध्ये ग्रासलँड्स नॅशनल पार्क आहे. पश्चिम भागात व्हॅल मारी गावाजवळ फ्रेंचमन व्हॅली कॅम्पग्राउंड, पूर्व भागात रॉक क्रीक. ज्यांना कंगोरे आणि घळी बघायच्या आहेत त्यांनी पूर्व भाग निवडावा. १८७४ साली जॉर्ज मर्सर डॉसनने पश्चिम कॅनडातले पहिले डायनोसॉरचे अवशेष नोंदवले ते इथेच. दोन्ही भागांमध्ये गाडीने बराच प्रवास आहे, एका दिवसात दोन्ही उरकायचा विचार नको. आई-बाबांसारख्या पाहुण्यांसाठी ओटेंटिक म्हणून लाकडी जमिनीचे, आत पलंग असलेले तयार तंबू आहेत. ते लवकर भरतात. २००९ पासून हे डार्क स्काय प्रिझर्व्ह आहे, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र. मिनियापोलिसहून पासपोर्ट-व्हिसाचा हिशोब आला, म्हणून मूळ प्रश्नाला हे उत्तर नाही, पण कॅलगरी-रेजायनाच्या मंडळींनी नोंद घ्यावी.

झिपरी
साप?

शिलालेख
प्रेअरी रॅटलस्नेक, तिथला एकमेव विषारी साप. तो दिसण्यापेक्षा न दिसण्याचीच शक्यता जास्त, पण सवयी लावून घ्या. घोट्याच्या वर येणारे बंद बूट, सँडल नाहीत. दगडाच्या फटीत किंवा कड्यावर न बघता हात घालायचा नाही. रात्री संडासला जाताना टॉर्च पायाकडे. तंबूची चेन कायम बंद, बूट आत. खुळखुळा ऐकू आला तर जागीच थांबा, आवाज कुठून येतो ते बघा आणि मग हळूहळू मागे सरका. चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळपट्टी यातलं काहीही नाही. अंगठ्या-घड्याळ काढा, माणसाला शांत बसवा, ९११.

प्रेअरी डॉगचं जास्त मनावर घ्या. गोंडस दिसतात आणि मुलं चिप्स टाकायला धावतात. त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरतो. २००८ मध्ये पार्कलगतच्या कोनाटा बेसिनपर्यंत तो पोचला होता. बिळांच्या जवळ बसू नका, खायला घालू नका, मेलेल्याला हात लावू नका. बायसनपासून १०० यार्ड, म्हणजे जवळपास फुटबॉलच्या मैदानाएवढं अंतर. तो तंबूकडे आला तर तुम्ही गाडीत जाऊन बसायचं. त्याला हाकलायचं नाही.

जून म्हणजे गोचिडांचाही महिना. लांब पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन (कीटकनाशक) आधीच मारून वाळवा आणि रोज रात्री मुलांची मान, कानामागे, काखा आणि कंबरपट्टा तपासा.

मुक्कामपोस्ट
सगळ्यांचे आभार. सीडर पास नक्की करतोय. आता दोनच शंका. वादळ आलं तर सहा जणांनी नेमकं काय करायचं? आणि आईच्या गुडघ्यांचं काय?

पश्चिमवारा
वादळाचं सांगतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. तंबू, टेबलावरचं छप्पर आणि एकटं झाड, यातलं काहीही आसरा नाही. सगळ्यांनी गाडीत, काचा बंद. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच. गाडीची किल्ली रात्री उशाशी, ठरलेल्या जागी. गारा मोठ्या असतील तरी गाडीतच, समोरच्या काचेपासून तोंड फिरवून, मुलांवर पांघरूण. टॉर्नेडोचा इशारा असेल तर गाडीही नाही. पक्क्या बांधकामाचा संडास गाठायचा. पोचल्या संध्याकाळीच सगळ्यांना तो रस्ता एकदा चालून दाखवा.

मोबाइलवर विसंबू नका. हाताने चावी देऊन चालणारा हवामान रेडिओ घ्या, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर नोआचे (अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेचे) इशारे येतात. दुपारी तीननंतर पश्चिमेकडे बघत राहा. ढगाचं डोकं ऐरणीसारखं पसरायला लागलं की स्वयंपाक आवरायचा.

आणि पाऊस थांबल्यावर लगेच टेकड्यांवर नाही. तीच माती पायाखालीही असते. नॉच ट्रेलला ओंडक्यांची शिडी आहे आणि पुढे कडेने वाट, ओल्यात अजिबात नको. कोरड्यातही सहा वर्षांच्या मुलासोबत एक मोठा माणूस खाली आणि एक वर हवा.

नाचणी
आईंसाठी. जमिनीवरची गादी नको, उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. १६ ते १८ इंच उंचीचा घडीचा पलंग घ्या, खुर्चीएवढा. त्याचा पाय तंबूच्या तळाला भोक पाडतो, म्हणून प्रत्येक पायाखाली जाड फोमचा तुकडा. पलंगाखालून गार हवा लागते, त्यामुळे वर फोमची चटई हवीच, नुसती गोधडी पुरत नाही. हवेची गादी घेणार असाल तर आधी जागेवरचे निवडुंगाचे काटे वेचा, नाहीतर मध्यरात्री ती बसते. त्यांचा तंबू दाराशी उंच असलेला घ्या.

आरक्षण करताना नकाशात संडासाच्या जवळची जागा बघा. अगदी समोरची नको, रात्रभर दार वाजतं आणि दिवा डोळ्यांवर येतो. दोन-तीन जागा सोडून.

फिरायला फॉसिल एक्झिबिट ट्रेल आणि विंडो ट्रेल, दोन्ही पाव मैलाच्या लाकडी फळ्यांच्या वाटा. डोअर ट्रेलचा पहिला पाव मैलही तसाच. क्लिफ शेल्फ छोटी असली तरी पायऱ्या आहेत, ती बाबांसाठी.

कातळखूण
नाचणीताई, सगळं बरोबर. मी आणखी एक पर्याय ठेवतो. सीडर पास लॉजच्या केबिन कॅम्पग्राउंडजवळच आहेत, बाथरूमसकट. त्याही हंगामी आणि लवकर भरणाऱ्या. एक केबिन आई-बाबांसाठी घेतली तर दिवसभर सगळे तंबूवर, जेवण एकत्र, रात्री झोपायला पलंग. तंबूत झोपायची आईंची हौस पहिल्या रात्री पुरवा, हवामान स्वच्छ असेल त्या रात्री. दुपारच्या उन्हात मुलांनाही ती खोली उपयोगी पडेल.

मुक्कामपोस्ट
हे डोक्यातच आलं नव्हतं. आईला आत्ताच सांगितलं. ती म्हणते, पहिल्या दोन रात्री तंबू, मग बघू.

रानहळद
आईंचा निर्णय शिरोधार्य :)
निघताना दोन गोष्टी. आय-९० वर मर्डो आणि कडोका यांच्यामध्ये वेळ बदलते, एक तास मागे. चेक-इन आणि रेंजर कार्यक्रम माउंटन टाइमने. सूर्य जूनमध्ये पाचनंतर लगेच उगवतो आणि साडेआठनंतर मावळतो. पार्कात गाडीचा प्रवेश ३० डॉलर, सात दिवसांचा. तो कॅम्पग्राउंडच्या पैशांत धरलेला नसतो. मिनियापोलिसहून साडेसात-आठ तास लागतात. १३१ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडून २४० रस्त्याने साधारण ९ मैल. त्या आधी पेट्रोल आणि बर्फ भरून घ्या.

पश्चिमवारा
आणि शेवटच्या सकाळी ओला तंबू चिखलासकट गुंडाळू नका. ती माती वाळली की ओरखडे पाडते आणि लेप खराब करते. मेखा काढून तंबू उलटा करा, वाऱ्यात अर्धा तास दोघांनी धरून ठेवा, माती वाळून पापुद्र्याने पडते. न पडली तर मोठ्या कचऱ्याच्या पिशवीत भरा आणि घरी पोचल्यावर त्याच दिवशी बादलीत धुऊन सावलीत टांगा. बुटांचा चिखलही गाडीत बसण्याआधी काठीने काढा. पेडलवर तो साबणासारखाच वागतो.